मोजणीदाराच्या वहीपासून सुरुवात : आयोवातील वसाहतीचा इतिहास मुलांना शिकवताना

प्रेअरीकर

आयोवा राज्याच्या मध्यभागातील एका शाळेत मी आठवीच्या मुलांना सामाजिक शास्त्रे शिकवतो. अभ्यासक्रमात आपल्या काउंटीचा आरंभ हा भाग असतो आणि तो बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात शिकवला जातो. पहिले कुटुंब अमुक साली आले, त्यांनी ओंडक्यांचे घर उभारले, पहिली पिठाची गिरणी अमुक ओढ्यावर सुरू झाली, असा तो क्रम असतो. ही माहिती मुख्यतः १८७० आणि १८८० च्या दशकांत छापलेल्या जाडजूड काउंटी-इतिहासांतून येते. त्या ग्रंथांचे वर्गणीदार आणि त्यांत गौरवलेली माणसे पुष्कळदा एकच असत, त्यामुळे ज्याने वर्गणी भरली त्याच्या घराण्याचे शौर्य जरा जास्तच उजळून निघते.

या वर्षी मी सुरुवात त्या ग्रंथांपासून न करता सरकारी मोजणीच्या वह्यांपासून करणार आहे. त्यामागचा विचार येथे सविस्तर मांडतो. जाणकारांनी त्यातील कच्चे दुवे दाखवावेत.

अमेरिकेत १७८५ च्या जमीनविषयक अध्यादेशाने एक विलक्षण पद्धत सुरू झाली. जमीन विकण्यापूर्वी ती चौकोनांत मोजायची, असे ठरले. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात प्रत्येकी एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे ३६ सेक्शन. त्यांचे क्रमांक १७९६ पासून ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात आणि औत शेताच्या टोकाला वळावे तसे खालच्या ओळीत उलट वळतात. सोळावा सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेला असे. १८१२ साली या कामासाठी जनरल लँड ऑफिस स्थापन झाले आणि १८४६ साली आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास त्याचे कंत्राटी मोजणीदार आमच्या भागात मोजणीच्या साखळ्या ओढत फिरत होते.

त्या मोजणीदाराला प्रत्येक मैल चालताना वही लिहावी लागे. किती साखळ्यांवर ओढा लागला, त्याची रुंदी किती, तो कोणत्या दिशेला वाहतो, जंगल कोठे संपले आणि गवताळ प्रदेश कोठे सुरू झाला, जमीन पहिल्या प्रतीची की तिसऱ्या, हे सर्व त्यात असे. सेक्शनच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकल्यावर आसपासच्या झाडांवर खूण कोरायची आणि त्या झाडाची जात, बुंध्याचा व्यास, खुंटीपासूनची दिशा व अंतर लिहायचे. झाडच नसेल तर मातीचा ढिगारा करायचा. आमच्या बहुतेक टाउनशिपमध्ये ढिगाऱ्यांच्याच नोंदी अधिक आहेत, कारण येथे मैलोगणती माणसाला झाकून टाकणारे गवत होते. आज त्या गवताळ प्रदेशाचा हजारात एक भागही उरलेला नाही. मुलांना खिडकीतून मका आणि सोयाबीनच दिसते. पाणथळ जागांचीही तीच कथा आहे, जमिनीखाली नळ घालून त्या कोरड्या करण्यात आल्या. आपली शाळा उभी आहे तेथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने 'दलदल' असे लिहून ठेवले आहे, हे मुलाने स्वतः वाचून काढणे आणि शिक्षकाने सांगणे यांत फार अंतर आहे.

कामाची आखणी अशी आहे. चार-चार मुलांच्या गटाला एकेक टाउनशिप द्यायचा. आधी हस्ताक्षर लावून वहीतील काही मैलांचे वाचन करायचे, मग कोऱ्या चौकटीवर ओढे, झाडी, पायवाटा, कोणाचे शेत किंवा झोपडे आले असल्यास ते, असे सर्व स्वतः काढायचे. सरकारने त्याच वहीवरून तयार केलेला नकाशा मी त्यानंतरच दाखवणार आहे. तयार नकाशा आधी पाहिला की वही वाचण्याची गरजच कोणाला वाटत नाही. जमीन कोणाला दिली गेली याचे दाखले, म्हणजे पेटंट, त्याच्याही नंतर येतील. मोजणीचे नकाशे आणि पेटंटांच्या प्रतिमा आता ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे शाळेला खर्च असा काही नाही.

मला दोन गोष्टींविषयी मते हवी आहेत. या वह्यांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि वस्तीच्या इतिहासाची सुरुवात अशा सरकारी कागदापासून करणे योग्य आहे का?

कृष्णाकाठ

मी महाराष्ट्रात भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा धागा आवडीने वाचला. त्या वहीतील साखळी म्हणजे गुंटरची साखळी, ६६ फुटांची आणि १०० कड्यांची. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. मुलांमध्ये कोणी क्रिकेट पाहणारा असेल तर त्याला सांगावे की खेळपट्टीची लांबी नेमकी एवढीच असते. आपल्याकडची शंकू साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन्हीकडचा एकर एकच आहे, कारण दोन्हीकडची साखळी एकाच इंग्रज घराण्यातली आहे.

परंतु हेतू अगदी उलटे होते आणि ते मुलांना समजले पाहिजे. दख्खनमध्ये ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांच्या पहिल्या मोजणीतील शेतसाऱ्याची आकारणी अव्वाच्या सव्वा ठरून लोकांनी जमिनी सोडल्या, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले. त्या वेळी गावे शेकडो वर्षांची होती, बांध होते, कसणारे होते. मोजणीदाराने शेतकऱ्याच्या बांधावरून साखळी नेली आणि त्या वेड्यावाकड्या तुकड्याला सर्व्हे नंबर दिला. मातीची खोली आणि रंग पाहून आण्यांत प्रतवारी केली, कारण सारा ठरवायचा होता आणि तो तीस वर्षांसाठी कायम करायचा होता. तुमच्याकडे रेघ आधी मारली आणि शेत तिच्यात नंतर बसवले. आमच्या टिपणातील, म्हणजे शेताच्या मोजणीच्या नोंदीतील, एकही आकृती चौरस नसते. तुमच्याकडे चौरस नसलेली आकृती शोधावी लागेल.

विश्वासार्हतेबद्दल सांगायचे तर माझा पहिला प्रश्न पगाराचा असतो. तुमचे मोजणीदार कंत्राटी होते आणि त्यांना मैलामागे पैसे मिळत. ज्याला मैलामागे पैसे मिळतात तो दलदलीतून खरोखर चालला का, की काठावर बसून त्याने वही भरली? खात्यात असताना टेबलावर बसून केलेली मोजणी ओळखायला आम्ही शिकलो होतो. तिच्यात सगळे आकडे फार सुबक असतात.

प्रेअरीकर

कृष्णाकाठ साहेब, आपला संशय रास्त आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. कॅलिफोर्नियात जॉन बेन्सन याच्या टोळीने १८७० आणि १८८० च्या दशकांत न केलेल्या मोजण्यांच्या वह्या तयार करून सरकारकडून पैसे उकळले होते. काही टाउनशिपमध्ये कोपऱ्यांचे दगड कधी लागलेच नव्हते. आयोवातील काम एकंदरीत बरे मानले जाते, तरी मुलांनी ते गृहीत धरू नये म्हणून मी एक चाचणी ठेवली आहे. येथील खेड्यांतले रस्ते बहुतेक सेक्शनच्या रेषांवरूनच जातात. वहीत ८० साखळ्या लिहिलेला मैल आजच्या उपग्रह-नकाशावर मोजला की तो थोडा कमी किंवा जास्त भरतो. नियमाप्रमाणे टाउनशिपमधील साचलेली तूट किंवा वाढ उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या सेक्शनांत टाकली जाई. त्यामुळे जेथे आतले सर्व मैल लबाडीने सारखे लिहिले आहेत तेथेही प्रत्यक्ष जमीन बोलतेच.

यात विज्ञानाच्या शिक्षिकाही सहभागी होणार आहेत, कारण वहीत प्रत्येक ठिकाणी होकायंत्राचा कल लिहिलेला असतो. त्या काळी आमच्या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या कित्येक अंश पूर्वेला होती. आज ती जवळपास जुळते. मिशिगनमध्ये विल्यम बर्ट या मोजणीदाराचे होकायंत्र लोहखनिजामुळे भरकटत असे. त्याने सूर्यावरून दिशा ठरवणारे यंत्र तयार करून १८३६ साली त्याचे पेटंट घेतले होते, आणि १८४४ साली त्याच्याच तुकडीला मोजणी करताना मार्केट (Marquette) या गावाजवळ लोखंडाचा साठा सापडला. मुलांना ही गोष्ट बेहद्द आवडते. अब्राहम लिंकनही १८३३ पासून काही वर्षे इलिनॉयच्या सँगमन काउंटीत मोजणीदाराचा मदतनीस अधिकारी होता, हे सांगितले की मागच्या बाकावरचेही डोके वर करतात.

झाडांच्या नोंदींबाबत मात्र मी स्वतः सावध आहे. त्या नोंदींवरून वसाहतीपूर्वीच्या वनांचे नकाशे काढणारे अभ्यासकच सांगतात की मोजणीदार सर्वांत जवळचे झाड घेई असे नाही. खूण कोरायला सोपे, मध्यम जाडीचे आणि दीर्घकाळ टिकेल असे झाड तो पसंत करी. म्हणजे वहीतील ओक वृक्षांची संख्या ही रानाची शिरगणती नव्हे.

सातासमुद्रापार

नमस्कार. मी नेब्रास्कात राहते आणि येथील ग्रंथालयात स्थानिक इतिहासाच्या विभागात मदत करते. उपक्रम उत्तम आहे, परंतु आठवीच्या मुलांसाठी मोजणीच्या वह्या फार कोरड्या नाहीत का? माझा अनुभव असा आहे की मुलांना माणसे हवी असतात, आणि माणसे होमस्टेडच्या फायलींत भेटतात.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळे. अट अशी की पाच वर्षे तेथे राहायचे आणि ती कसायची. मुदत संपल्यावर अर्जदाराला दोन साक्षीदारांसह पुरावा द्यावा लागे. त्या जबानीत घर किती फूट लांब-रुंद आहे, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरले, कोणते पीक काढले, मुले किती, मध्ये गैरहजर राहिलात तर का, असे सर्व विचारलेले असे. परदेशातून आलेल्याचे नागरिकत्वाचे कागदही तेथेच लावलेले असतात. अविवाहित स्त्रिया आणि विधवा स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत, त्यामुळे काउंटी-इतिहासांत ज्यांचा उल्लेख अमक्याची पत्नी एवढाच येतो अशा स्त्रिया येथे स्वतःच्या सहीने बोलतात. पाच वर्षे न टिकता परत गेलेल्यांच्या रद्द झालेल्या अर्जांच्या फायलीही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गौरवग्रंथांत हरलेल्यांना जागा कोठे असते? नेब्रास्काच्या फायलींचे तर अंकीकरणही झाले आहे. डॅनियल फ्रीमन याने १ जानेवारी १८६३ रोजी ज्या जमिनीवर हक्क नोंदवला ती बीट्रिसजवळची जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मुलांची सहल तेथे नेता येते.

प्रेअरीकर

ताई, आपण सांगितलेल्या फायली सोन्यासारख्या आहेत यात शंका नाही, आणि मी नेब्रास्कात असतो तर तेथूनच सुरुवात केली असती. अडचण अशी आहे की आयोवातील जमिनीचा अगदी लहान भाग होमस्टेडने गेला. १८६२ साली कायदा झाला तोपर्यंत येथील बहुतेक जमिनीची विल्हेवाट लागली होती. काही रोखीने, एकरी सव्वा डॉलरने विकली गेली होती, काही रेल्वे कंपन्यांना दिली होती, आणि फार मोठा भाग सैनिकांच्या वॉरंटांवर गेला होता.

या वॉरंटांचे प्रकरण वर्गात मला सर्वांत मोलाचे वाटते. मेक्सिकोच्या युद्धासाठी १८४७ साली आणि पुढे १८५० व १८५५ च्या कायद्यांनी जुन्या युद्धांतील सैनिकांना व त्यांच्या विधवांना जमिनीचा हक्क देणारे कागद दिले गेले. १८५२ पासून ते सर्व कागद विकता येऊ लागले. व्हर्माँटमधील म्हाताऱ्या विधवेने कागद दलालाला विकावा, दलालाने तो पश्चिमेकडे पाठवावा, आणि आयोवातील सावकाराने किंवा शेतकऱ्याने त्यावर १६० एकर घ्यावेत, असा तो व्यवहार चाले. पेटंटावर मात्र मूळ सैनिकाचे किंवा विधवेचे नाव ठळकपणे येते आणि ज्याच्या नावे कागद फिरला त्याचे नाव नंतर. मुलांनी पेटंट वाचून सैनिकाला आपल्या गावाचा आद्य रहिवासी ठरवले की मी जनगणनेची पाने पुढे करणार आहे; तेथे तो सापडत नाही, कारण त्याने मिसिसिपी नदी बहुधा कधी ओलांडलीच नव्हती. पेटंटावरची राष्ट्राध्यक्षांची सहीदेखील १८३३ नंतर सचिव करीत असे, हेही मुलांना तेव्हाच सांगतो.

उलट, जे खरोखर आधी येऊन राहिले होते त्यांचे नाव पेटंटावर असेलच असे नाही. मिसिसिपीच्या पश्चिमेचा पट्टा १ जून १८३३ रोजी वस्तीसाठी खुला झाला, मोजणी १८३६ साली सुरू झाली आणि पहिले सरकारी लिलाव १८३८ साली डब्यूक आणि बर्लिंग्टन येथे झाले. मधल्या पाच वर्षांत माणसे आली, शेते काढली, आणि कायद्याच्या दृष्टीने ती सर्व अतिक्रमण करणारी होती. त्यांनी आपले हक्क सांभाळण्यासाठी संघटना केल्या. जॉन्सन काउंटीत १८३९ साली अशी एक होती. लिलावात बाहेरच्याने आपल्या शेतावर बोली लावू नये यासाठी हे लोक घोळक्याने हजर राहत, आणि ते काठ्या घेऊनच येत, असे समजायला हरकत नाही. अशा माणसाचे शेत मोजणीच्या रेषेत आडवे आले तर मोजणीदार त्याचे नाव लिहून पुढे जाई. म्हणून वही कोरडी असली तरी तीच आधी हवी.

वहिवाट

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती विपुल आहे, परंतु एक गोष्ट अजून कोणीच म्हटलेली नाही. मोजणीची वही ही आरंभाची नोंद नाही, ती एका हकालपट्टीनंतरची नोंद आहे. आपण दिलेला १ जून १८३३ हा दिवस ज्या पट्ट्याशी जोडलेला आहे तो सॉक नेता ब्लॅक हॉक याच्या युद्धानंतर, १८३२ साली, सॉक आणि मेस्क्वाकी या तेथील मूळ रहिवासी जमातींकडून घेतला गेला. मध्य आयोवा १८४२ च्या करारान्वये गेला आणि ऑक्टोबर १८४५ पर्यंत त्यांनी तेथून निघून जावे असे ठरले. त्यानंतर साखळी आली. मोजणीदाराला दिसलेले गवत 'मोकळे' होते कारण ते मोकळे करवून घेतले होते. मुलांनी वहीपासून सुरुवात केली तर कोऱ्या चौकटीचा कोरेपणा त्यांना नैसर्गिक वाटेल, आणि काउंटी-इतिहासापेक्षा ही वही अधिक वस्तुनिष्ठ दिसत असल्याने तो समज जास्त पक्का बसेल. मला हा धोका गंभीर वाटतो.

प्रेअरीकर

वहिवाट, आपला आक्षेप मान्य करून क्रमात बदल करतो: पहिल्या तासाला करारांचा नकाशा आणि त्यांच्या तारखा, आणि त्याखाली प्रत्येक गटाने आपल्या टाउनशिपच्या मोजणीची तारीख लिहायची. दोन तारखांमधले अंतर मुलांनीच काढावे. पण वही पूर्णपणे गप्प आहे असे मात्र नाही. पायवाट रेषेला कोठे छेदते हे लिहिणे मोजणीदाराला भाग होते, त्यामुळे इंडियन ट्रेल, म्हणजे मूळ रहिवाशांची पायवाट, अशा नोंदी पुष्कळ ठिकाणी येतात, आणि क्वचित जुन्या गावांच्या व मक्याच्या शेतांच्याही. एका सेक्शनमधली पायवाट एकटी अर्थहीन असते. सर्व गटांचे टाउनशिप भिंतीवर शेजारी शेजारी लावले की तिची सलग रेघ तयार होते, नदी पायी ओलांडण्याच्या एका उतारापासून दुसऱ्या उतारापर्यंत. कोऱ्या चौकटीवर सर्वांत आधी याच पायवाटा लाल शाईने काढायला सांगेन.

आणि मेस्क्वाकी सर्वच गेले नाहीत. काही मागे राहिले, काही कॅन्सासहून परत आले, आणि १८५७ साली त्यांनी टामा काउंटीत आयोवा नदीकाठी ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली. ती गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवण्यात आली. त्यांची ही वस्ती, म्हणजे सेटलमेंट, आजही तेथेच आहे आणि पुष्कळ वाढली आहे. ज्यांच्याकडून सर्व घेतले त्यांनीच सेक्शनच्या मोजमापात बसवलेले एकर परत खरेदी केले, हे मुले त्याच नकाशावर दाखवू शकतील. यासाठी सेटलमेंटच्या सांस्कृतिक विभागाला आधी विचारून, त्यांना जे सांगायचे असेल ते त्यांच्याच तोंडून ऐकण्याची सोय करतो आहे. तो तास मी घेणार नाही.

कृष्णाकाठ

वहिवाट यांच्या मुद्द्याला आमच्याकडचा एक जोड देतो. दख्खनच्या मोजणीत गाव रिकामे मानले गेले नाही, तरी कागदावर ज्याच्याकडून सारा घ्यायचा तो खातेदार आला. त्याच्या शेतात राबणारे कूळ आणि मजूर बराच काळ त्या कागदाबाहेर राहिले. तेव्हा मुलांकडून एक स्तंभ जास्त भरून घ्या: हा कागद कोणी, कोणासाठी आणि कोणत्या पैशाच्या हिशेबासाठी लिहिला. वही, पेटंट, होमस्टेडची जबानी, काउंटी-इतिहास, प्रत्येकासमोर. आम्ही खात्यात नवीन भूकरमापकाला हेच आधी शिकवत असू, कारण त्याशिवाय टिपण आणि जागेवरचा बांध यांतील तफावत कळत नाही.

सातासमुद्रापार

मग होमस्टेडची एखादी फाइल शेवटच्या तासासाठी तरी ठेवाच, प्रेअरीकर. आयोवाच्या वायव्य भागात काही सापडतील. एखादी विधवेची असली तर उत्तम. जबानीतील घराची मापे जमिनीवर खडूने आखून त्यात अर्जात दिलेली माणसे उभी करायची, एवढे केले तरी वर्गाला बरेच कळते.

प्रेअरीकर

जरूर ठेवतो, ताई. कृष्णाकाठ साहेबांचा स्तंभ कालच तक्त्यात घातला आहे. सोळाव्या सेक्शनचे काम स्वतंत्र गटाकडे दिले आहे. शाळेसाठी राखलेले ते ६४० एकर कधी, कोणाला आणि काय भावाने विकले गेले आणि पैसे कोठे गेले, हे काउंटी कार्यालयातील नोंदवह्यांत पाहावे लागेल. तेथील कारकुनांनी मुलांना जुन्या वह्या हाताळू देण्याचे मान्य केले आहे, मात्र एका वेळी एकाच गटाला आणि पेन्सिलीच घेऊन.